पक्षी उठेपर्यंत

इलीन स्कोवने व्हर्लिन हाडेनफेल्टला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो मेलेला आहे असं तिला वाटलं होतं.

ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. लग्न होऊन प्लॅट नदीकाठच्या लिंडहोम गावात नुकतीच आलेली, आणि शाळेची बस चालवायला लागून तिला जेमतेम पंधरवडा झाला होता. मार्चचा पहिला आठवडा. मुरमाच्या रस्त्याने बस चालली असताना डाव्या हाताच्या शेतात, मक्याच्या खुंटांमध्ये, अर्धवट वितळलेल्या बर्फात एक माणूस पालथा पडलेला तिला दिसला. हात पसरलेले, टोपी बाजूला पडलेली. तिने करकचून ब्रेक लावला. मागची तेवीस पोरं खिडक्यांना चिकटली. दार उघडून ती पायरीवर उतरते न उतरते तोच त्या प्रेताने एक हात वर केला. मान वळवली नाही, डोकं उचललं नाही. नुसता पंजा वर केला आणि दोनदा हलवला. जा, पुढे जा.

"बाई, तो व्हर्लिन आहे," मागून एक पोरगी म्हणाली. "पक्षी बघतोय."

"असा झोपून?"

"उभा राहिला तर उडतील ना ते."

तेव्हा कुठे इलीनला पक्षी दिसले. त्याच्यापासून वीसेक पावलांवर राखी रंगाचे, माणसाच्या छातीपर्यंत येतील एवढे उंच क्रौंच, शंभर तरी असतील. डोक्यावर लाल टिळा लावल्यासारखी कातडी. काही जण खाली मान घालून सांडलेला मका टिपत होते. एक जण मक्याचं वाळकं ताट चोचीने वर फेकत होता, झेलत होता, आणि पंख पसरून उड्या मारत होता. त्यांच्यापैकी एकानेही मान वर करून बसकडे पाहिलं नव्हतं. तिने दार हळूच लावून घेतलं आणि गाडी सावकाश पुढे नेली. पोरंही, कोणी न सांगता, वळणाआड जाईपर्यंत गप्प बसली.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. "एमिल हाडेनफेल्टचा धाकटा. मार्च आला की तो कामातून गेलाच म्हणून समज."

त्या नदीवर वसंतात क्रौंच यायचे ते काही नवल नव्हतं. दर वर्षी लाखांनी यायचे, महिना-दीड महिना शेतातला मका खाऊन अंगावर चरबी चढवायचे, संध्याकाळी नदीच्या घोटाभर पाण्यात, वाळूच्या पट्ट्यांवर उभे राहून झोपायचे, आणि एप्रिलच्या मध्याला दक्षिणेचा वारा सुटला की उत्तरेकडे निघून जायचे. गावातल्या लोकांना त्यांचं कौतुक एवढंच, की ते आले म्हणजे बर्फाचे दिवस सरत आले आणि गाई विण्याचे दिवस आले. व्हर्लिनला मात्र त्यांचं वेड होतं. ते तीन-तीनने चालतात, आई, बाप आणि गेल्या सालचं पिल्लू, हे त्याने एकट्याने बघून ठरवलं होतं, आणि मग कोणीतरी पुस्तकात दाखवलं तेव्हा त्याला आनंद होण्याऐवजी थोडं वाईटच वाटलं होतं. चोचीने नदीकाठचा तांबडा चिखल ते अंगाला फासतात हे तो तासन् तास सांगायचा. ऐकणारा मिळाला तर.

ऐकणारा घरात नव्हता. थोरला भाऊ डेलमार म्हणजे कामाचा माणूस. कमी बोलणारा, पहाटे चारला उठणारा, गाईच्या डोळ्यांत बघून ती किती तासांनी विणार हे सांगणारा. व्हर्लिनवर त्याचा जीव होता, हे इलीनला पुढे कळलं. आई लवकर गेली तेव्हा सहा वर्षांच्या धाकट्याला बुटाचे बंद बांधायला डेलमारनेच शिकवलं होतं. पण त्या जिवाचा आवाज कधी बाहेर यायचा नाही. यायचे ते टोमणे.

"काय रे, आज तुझ्या लांब पायांच्या कोंबड्यांनी अंडी दिली का?"

"त्या इथे अंडी देत नाहीत, डेल. सैबेरियात देतात."

"मग त्यांना सांग, चारा पण तिकडेच खा म्हणावं."

पुढे नदीचा तो पट्टा एका ट्रस्टने घेतला आणि बाहेरगावची माणसं पक्षी बघायला येऊ लागली. त्यांच्यासाठी काठावर लाकडी लपण बांधायचं ठरलं. लांबट खोली, छप्पर, समोर बसायला बाकं आणि दोन उंचींवर लहान लहान खिडक्या. बांधलं ते व्हर्लिननेच, आणि तिथे लोकांना घेऊन जायचं कामही त्याच्याकडे आलं, विनापगारी. दोन वर्षांनी इलीनही त्यात शिरली. नवरा वारला होता, पोर शिकायला बाहेर होती, मार्चच्या पहाटे तिला घर खायला उठायचं. लपणात दोन मार्गदर्शक लागतात, एक या टोकाला, एक त्या टोकाला. व्हर्लिन पश्चिमेला बसायचा, इलीन पूर्वेला.

नियम साधे होते. अंधार असताना आत जायचं. दिवा नाही, फोन नाही, बोलणं नाही. आणि एकदा आत गेलं की पक्षी उठून शेतांकडे जाईपर्यंत कोणी दार उघडायचं नाही. कारण दाराचा नुसता आवाज झाला तरी थवा उठतो, आणि एक थवा उठला की मैलभर नदीवरचे सगळे उठतात. थवा उठवणं ही त्या माणसांमध्ये मोठी नामुष्कीची गोष्ट होती. रोलंड पेटरसन एकदा शिंकला होता, त्या वर्षाला लोक अजून "रोली शिंकला ते साल" म्हणतात. व्हर्लिनच्या हातून एवढ्या वर्षांत थवा एकदाही उठला नव्हता. हे तो स्वतःहून सांगत नसे. पण दुसऱ्या कोणी सांगितलं तर खाली बघून हातमोजे नीट करत बसायचा, आणि त्याचे कान लाल व्हायचे.

वासरांची गोष्ट घडली ती लपण बांधलं त्याच्या पुढच्याच वर्षी.

वडील अंथरुणाला खिळलेले. एकशेचाळीस गाई, त्यातल्या निम्म्या विण्याला आलेल्या. दोघा भावांनी पाळ्या वाटून घेतल्या होत्या. पहाट डेलमारची, दुपारपासून रात्रीच्या जेवणापर्यंत व्हर्लिन. त्या दिवशी डेलमार वडिलांना घेऊन शहरात डॉक्टरकडे गेला होता. दुपार स्वच्छ होती, ऊन होतं. व्हर्लिनने गोठा बघितला, गाई बघितल्या आणि तासाभरासाठी म्हणून नदीवरच्या लपणात गेला. संध्याकाळचे पक्षी उतरताना बघायचे आणि परत यायचं. पक्षी लवकर उतरले. लपणाच्या अगदी पुढ्यात, हात लांब केला तर लागतील असे. आणि मग वायव्येकडून वारा फिरला. अर्ध्या तासात बर्फ आडवं यायला लागलं. पक्षी पाठी वळवून, एक पाय पोटाशी घेऊन उभे राहिले. व्हर्लिनला उठून जायचं तर दार उघडावं लागणार होतं. अशा वादळात उठलेले पक्षी विजेच्या तारांवर आदळतात. शेकड्याने मरतात. त्याने वाट पाहिली. अंधार पुरेसा पडल्यावर तो मागच्या बाजूने रांगत निघाला तेव्हा रस्ता दिसत नव्हता.

अकरा वासरं गेली. ओल्या अंगाने जन्मली आणि उभ्या जागी गोठली.

डेलमार त्याला ओरडला नाही. त्याने वासरं स्लेजवर घालून एकट्याने ओढून नेली. पण आठवड्याभराने धान्य सोसायटीत, जिथे सकाळची कॉफी प्यायला सगळं गाव जमतं तिथे, कोणीतरी सहज विचारलं, "त्या वादळात फार नुकसान झालं म्हणे तुमचं?" डेलमारने पेला खाली ठेवला.

"ते माझ्या भावाला विचारा. त्या दिवशी पक्षी किती मेले? एकही नाही. त्याने त्यांची चांगली काळजी घेतली."

एवढंच बोलला. व्हर्लिन दारात उभा होता. त्यानंतर तेवीस वर्षं ते दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

व्हर्लिनने घर सोडलं, गुरं सोडली. जिल्ह्याचे मुरमाचे रस्ते सारखे करायच्या यंत्रावर नोकरी धरली आणि गावाच्या कडेला दोन खोल्यांचं घर घेतलं. लग्न केलं नाही. दर मार्चला तो लपणात असायचा. इलीनच्या लक्षात एक गोष्ट आली होती. बाहेरून आलेल्या लोकांना बसवून झालं, की पश्चिमेच्या खिडकीपाशी स्वतःच्या डाव्या बाजूला एक जागा तो मोकळी ठेवायचा. गर्दी असली तरी. तिने एकदा विचारलं तर म्हणाला, "थर्मास ठेवायला बरी पडते."

थर्मास जमिनीवर असायचा.

डेलमारची बायको ट्वायला वारली तेव्हा दफनानंतरच्या जेवणाला व्हर्लिन आला आणि भिंतीशी उभा राहिला. डेलमार ताट घेऊन त्याच्यासमोरून गेला, थांबला, आणि म्हणाला, "बटाट्याचं सॅलड घे. शेजारच्या मार्थाने केलंय." इलीन वाढायला उभी होती. व्हर्लिनने बटाट्याचं सॅलड तीनदा घेतलं. त्यात अंडं होतं, आणि त्याला अंडं सोसत नसे.

मग सहा वर्षं तेवढ्यावरच. रविवारी चर्चमध्ये मान हलवायची, हवेबद्दल एखादा शब्द. गुडघे गेले म्हणून डेलमारने शेवटी गुरं विकली. पुढच्या मार्चमध्ये, आयुष्यात पहिल्यांदा, त्याच्याकडे विणारी एकही गाय नव्हती. चर्चच्या तळघरात पॅनकेकचा नाश्ता होता. व्हर्लिन आणि इलीन एका टेबलावर बसले होते. डेलमार आपली बशी घेऊन आला आणि न विचारता समोर बसला. बराच वेळ पाक ओतत राहिला.

"त्या तुझ्या खोक्यात," तो बशीकडे बघत म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाला बसायला काही लागतं का?"

व्हर्लिनच्या हातातला काटा तसाच राहिला. "गरम कपडे लागतात."

"ते आहेत."

"पाचला उठावं लागेल."

"मला सांगतोस? मी पन्नास वर्षं चारला उठलोय. तू उठायचास का तेव्हा?"

"नाही."

"मग." डेलमारने पॅनकेकचा तुकडा तोंडात घातला. "लघवीचं काय करतात तिथे?"

"मागच्या कोपऱ्यात बादली आहे," इलीन म्हणाली. "पडद्याआड."

"बायकांसमोर?"

"डेलमार, मी तीस वर्षं शाळेची बस चालवलीय. माझ्यासमोर काय काय झालंय ते तुला माहीत नाही."

डेलमार हसला. इलीनने त्याला हसताना त्याआधी पाहिल्याचं तिला आठवत नव्हतं. तो उठून गेल्यावर व्हर्लिन तिला म्हणाला, "त्याला वासरांचं बोलायचं असेल."

"किंवा नसेलही."

"नसलं तरी चालेल. एकदा बघू दे. एकदा बघितलं की कळेल त्याला, मी का उठलो नाही ते."

एकोणतीस वर्षं हा माणूस एवढ्या एका गोष्टीसाठी जागा धरून बसला होता, हे इलीनला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

ठरलेल्या सकाळी दाट धुकं होतं. बाहेरगावची बारा माणसं आली होती. गाड्यांपाशी उभं राहून व्हर्लिनने नेहमीप्रमाणे प्रत्येकाच्या हातात नियमांचा कागद दिला आणि तोंडी सांगितलं, "पक्षी उठेपर्यंत कोणी उठणार नाही. काहीही झालं तरी." डेलमारलाही कागद दिला. डेलमारने तो न वाचता घडी घालून खिशात ठेवला. "धाकटा भाऊ मला नियम शिकवतोय," तो शेजारच्या बाईला म्हणाला. "जग बुडणार आता."

सहाच्या आत सगळे जागेवर बसले. डेलमार पश्चिमेच्या खिडकीपाशी, त्या मोकळ्या जागेवर. व्हर्लिन त्याच्या उजवीकडे. व्हर्लिनने घरून लोकरीचं पांघरूण आणलं होतं, ते त्याने भावाच्या गुडघ्यांवर घातलं. पहिल्यांदा नुसता आवाज आला. हजारो गळ्यांमधून एकदम निघणारी घरघर, जवळची, लांबची, नदीच्या पाण्याखालून आल्यासारखी. मग हळूहळू धुक्यात पाय दिसायला लागले, मग अंगं. काठापासून पार पलीकडच्या झाडांपर्यंत उभे होते. डेलमार पुढे वाकला. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

"अरे," तो म्हणाला. मोठ्याने नाही. त्या सकाळी तो बोललेला हा शेवटचा शब्द.

पावणेसातच्या सुमाराला इलीनने त्या बाजूला पाहिलं तेव्हा डेलमारचा एक हातमोजा खाली पडला होता आणि त्याचं डोकं भावाच्या खांद्यावर टेकलेलं होतं. व्हर्लिन ताठ बसला होता. त्याचे गाल ओले होते. खिडकीतून येणाऱ्या राखी उजेडात ते चकाकत होते. इलीनने चटकन नजर वळवली. दुसऱ्याच्या घरात चुकून डोकावल्यासारखं झालं तिला. तिला रडू आलं, आणि बरंही वाटलं. एकोणतीस वर्षांनी, ती मनात म्हणाली. शेवटी एकदाचं.

थंडीच्या सकाळी पक्षी लवकर उठत नाहीत, आणि धुक्यात तर मुळीच नाही. सात वाजले. साडेसात झाले. इलीनने पुन्हा पाहिलं. डेलमारचं डोकं तसंच होतं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार खाली आली होती. झोपला, तिला वाटलं. मग वाटलं, नाही. काहीतरी वेगळं आहे. ती अर्धी उठली. बाक किंचित करकरलं. व्हर्लिनने मान वळवली नाही, डोकं हलवलं नाही. नुसता मोकळा हात वर केला आणि पंजा दोनदा हलवला.

इलीन खाली बसली.

नऊ वाजून दहा मिनिटांनी धुकं फाटलं. वरून एक गरुड गेला आणि सगळी नदी एकदम उठली. लपणाचं लाकूड थरथरलं. पाच मिनिटं कोणाला काही दिसेना की ऐकू येईना. मग सगळं शांत झालं आणि बारा माणसं एकदम बोलायला लागली, हसायला लागली. एक बाई रडत होती आणि म्हणत होती, "देवा, देवा."

"बघितलंस ना, डेल?" व्हर्लिन म्हणाला. अडीच तासांत पहिल्यांदा त्याने मान वळवली आणि खांदा सैल सोडला. डेलमार त्याच्या मांडीवरून घसरत जमिनीवर गेला. डोळे उघडे होते. तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. डावा हात व्हर्लिनची बाही शोधत होता.

फोन बंद होते, ते सुरू व्हायला वेळ लागला. गाडी नदीकाठच्या चिखलात रुतली, त्यात आणखी अर्धा तास गेला. इस्पितळातल्या डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला तो, "हे केव्हा सुरू झालं?"

व्हर्लिनला खोटं बोलता येत नसे. "पावणेसातला," तो म्हणाला.

डॉक्टरने घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून गेले होते. "आणि तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

"शेजारी."

डॉक्टर तरुण होता, मनाने वाईट नव्हता. दोन-तीन तास आधी आणलं असतं तर हात-पाय कदाचित, आणि बोलणं बहुतेक वाचलं असतं, असं त्याने सांगितलं, आणि ते सांगायला नको होतं असं त्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसलं. नर्सने डेलमारचे कपडे एका पिशवीत घालून व्हर्लिनकडे दिले. कोटाच्या खिशात तो घडी घातलेला कागद होता. व्हर्लिनने तो उघडून वाचला. मग इलीनकडे दिला. चौथी ओळ होती, कोणाला बरं वाटत नसल्यास मार्गदर्शकाला ताबडतोब सांगावे, दार केव्हाही उघडता येते. ती ओळ पहिल्या वर्षापासून तिथे होती. व्हर्लिनने तो कागद हजारो माणसांना वाटला होता. इलीननेही.

"माझं लक्ष गेलं नाही कधी," इलीन म्हणाली.

"मी वाचली होती," व्हर्लिन म्हणाला. "ती पाहुण्यांसाठी आहे असं वाटायचं."

सोसायटीत लोक काय बोलले ते तिला दुसऱ्याच दिवशी कळलं. आधी वासरं, आता भाऊ. म्हणणारा रोलंड पेटरसन होता, शिंकलेला. त्याला उत्तर द्यावं असं इलीनला फार वाटलं. पण काय देणार? ट्रस्टवाले भले वागले. त्यांनी चौकशी केली, कोणाला दोष दिला नाही, आणि चौथी ओळ ठळक अक्षरांत छापून घेतली.

मे महिन्यात ट्रस्टच्या पत्त्यावर एक खोका आला. त्या सकाळी रडलेल्या बाईने पाठवलेला. आत चौकटीत बसवलेलं छायाचित्र होतं, मोठं, सुंदर. खिडकीबाहेर धुक्यात उभे असलेले क्रौंच आणि पुढे दोन म्हाताऱ्यांच्या काळ्या पाठी, एकाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्यावर. सोबत चिठ्ठी होती. 'आजोबांना बरं वाटलं असेल अशी आशा आहे. ती आमच्या आयुष्यातली सर्वांत सुंदर सकाळ होती. त्या दोघा भावांना हे द्या.' इलीनने ते ट्रस्टच्या कचेरीतल्या कपाटाच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलं. जूनमध्ये व्हर्लिन लपणाच्या छपराचं सामान न्यायला आला आणि त्याच्या हाती ते लागलं. त्याने ते उजेडाकडे धरलं.

तेव्हा इलीन बोलली. तीन महिने ती हे गिळून बसली होती.

"व्हर्लिन, मी उठले होते. साडेसातला. मला कळलं होतं काहीतरी चुकतंय. मी उठले, आणि तू हात केलास म्हणून बसले. मी बसायला नको होतं."

"मी हात केला?"

"केलास. असा."

त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. "आठवत नाही," तो म्हणाला. मग चौकटीची काच बाहीने पुसत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "त्याने माझी बाही ओढली होती, इलीन. डोकं टेकायच्या आधी. दोनदा. जोरात. मला वाटलं, पक्षी दाखवतोय."

इलीनने कपाटाचं दार लावून घेतलं.

"आणि मग डोकं टेकलं. मला वाटलं... तुला माहीत आहे मला काय वाटलं ते."

"मलाही तेच वाटलं रे."

"हो. पण तो माझा भाऊ होता. त्याने असं आयुष्यात कधी केलं नव्हतं. मला समजायला हवं होतं." त्याने छायाचित्र काखेत घेतलं. छपराचं सामान तिथेच राहिलं.

डेलमार सहा आठवड्यांनी घरी आला होता. उजवी बाजू गेलेली, आणि बोलण्यातला एकच शब्द उरलेला, 'नाही'. भूक लागली का, नाही. पाणी हवं, नाही, आणि पेल्याकडे डावा हात पुढे. वाचा शिकवणारी बाई व्हर्लिनला समजावून सांगायची, "त्या शब्दाचा अर्थ धरू नका. तोंडातून तेवढाच निघतो म्हणून निघतो. त्यांच्या हाताकडे बघा, डोळ्यांकडे बघा." व्हर्लिन आपलं दोन खोल्यांचं घर बंद करून भावाकडे राहायला गेला होता. गाईच्या डोळ्यांत बघून वेळ सांगणं त्याला कधी जमलं नव्हतं, पण डेलमारच्या डोळ्यांत बघून औषध, बादली, ऊन, सावली हे सगळं त्याला ओळखता यायला लागलं.

त्या हिवाळ्यात एकदा इलीन त्यांच्याकडे कोबी-खिम्याचे पाव घेऊन गेली. दोघे स्वयंपाकघरात बसले होते. ते छायाचित्र भिंतीवर नव्हतं, कुठेच दिसत नव्हतं, आणि तिने विचारलं नाही. व्हर्लिन पावाचे तुकडे करून भावाला भरवत होता. मध्येच, तिच्यासमोर, बहुधा ती समोर आहे म्हणूनच, त्याने विचारलं, "डेल, त्या वासरांचं... त्यासाठी आला होतास का त्या दिवशी? मिटवायला?"

डेलमारने घास चावला. गिळला. धाकट्या भावाकडे सरळ पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

व्हर्लिनने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग हाताकडे. डावा हात टेबलावर होता. हलला नाही. इलीननेही पाहिलं. तिलाही काही वाचता आलं नाही. व्हर्लिनने पुढचा तुकडा उचलला, फुंकर घातली आणि भरवला. तो प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही.

दोन वसंत झाले त्याला. लपणात पश्चिमेला आता एक तरुण मुलगी बसते, हुशार आहे. इलीन अजून पूर्वेला असते. व्हर्लिन नदीवर येत नाही. तो एकोणसत्तर वर्षांचा आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी तो डेलमारला गाडीत घालून वाचा शिकवणाऱ्या बाईकडे नेतो. जाताना नदीवरचा पूल लागतो, आणि मार्च असला तर पुलावर पोचण्याआधी तो गाडीच्या दोन्ही काचा वर करून घेतो.